पगाराच्या दिवशीची तल्लफ



युनियनच्या कामात आम्ही कित्येक कामगारांकडून दारू सोडण्याच्या शपथा घेतल्या. पगाराच्या दिवशी त्या मोडल्या, की "तुझ्यात निश्चयच नाही" असे आम्ही फटकारीत असू. एक गडी तर कचेरीची पायरीच चढेनासा झाला. चूक आमची होती, हे पुढे वाचनातून कळले.

व्यसन मेंदूला खुणा शिकविते. गुत्त्याची वाट दिसली, खिशात पैसे खुळखुळले, की इच्छा चाळविणारे डोपामाइन उसळते आणि कपाळामागचा, आवर घालणारा भाग दुबळा पडतो. तेथे शपथ काय करणार?

अमेरिकेतील अ‍ॅलन मार्लॅट यांनी तल्लफेला लाटेची उपमा दिली. तिच्याशी झुंजू नये. ती अंगात कोठे उठते, कशी चढते, कशी ओसरते, हे शांतपणे पाहावे. २०१३ सालच्या एका प्रयोगात दोन आठवड्यांत मिळून पाच तास ध्यान केलेल्यांचे धूम्रपान सुमारे ६० टक्क्यांनी घटले. आवर घालणाऱ्या भागातील हालचालही वाढलेली दिसली. माणसे थोडी होती, तेव्हा ढोल बडवू नयेत. २०१४ साली २८६ जणांची चाचणी प्रसिद्ध झाली. तीत वर्षाअखेर ध्यान शिकलेल्यांचे नशेचे दिवस इतरांहून कमी भरले.

मात्र रोज पिणाऱ्याने एकाएकी थांबू नये, झटके येतात. आधी डॉक्टर गाठावा.

आता पगाराच्या दिवशी आम्ही कचेरीत वीस मिनिटे डोळे मिटून बसतो. आम्हीही, कारण तंबाखूची चंची आमच्याच खिशात होती.