प्रवेश मिळाला, आता नोट्सचे बघू



मंचाच्या उजव्या बाजूला भारतीय सांकेतिक भाषेचे दुभाषक उभे आहेत. त्यांच्या समोरच्या रांगा कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी मोकळ्या ठेवाव्यात. वक्त्यांना एक विनंती. पडद्यावर जे दाखवाल, ते तोंडानेही सांगा. ‘इथे दिसतंय तसं’ म्हणून पुढे जाऊ नका. सभागृहातल्या अनेकांना ते दिसणार नाही.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत दिव्यांगांसाठी किमान 5 टक्के जागा राखीव केल्या. प्रवेशाचा प्रश्न कायद्याने हाती घेतला. प्रवेशानंतरच्या अभ्यासाचे काय, याची मला काळजी वाटते.

अंध विद्यार्थ्यांचेच घ्या. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन अंध तरुणांनी तो उभा केला. तो मराठीही वाचतो. तरीही आपला विद्यार्थी हेडफोन लावून वर्गाच्या नोट्स उघडतो, तेव्हा अर्थहीन काहीतरी कानावर येते. ‘मराठी’ या शब्दावरून एकेक अक्षर पुढे सरकले, तर ऐकू येते : ई, जे, के, बी, एच. मजकूर कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. डोळ्यांना मराठी दिसते, पण संगणकाने साठवलेली असतात रोमन अक्षरे. स्कॅन करून टाकलेली पाने तर निव्वळ फोटो! मग मित्राची सवड बघायची, त्याच्याकडून वाचून घ्यायचे. परीक्षा तोंडावर आली की मित्रालाही सवड नसते. पदवीच्या मुलाने असे परावलंबी का राहावे? महागडी उपकरणे जरूर घ्यावीत, पण माझ्या मते त्याआधी प्रत्येक विभागाने आपल्या नोट्स आणि प्रश्नसंच युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातही मराठी अक्षरेच साठतील अशा रूपात, आणावेत. त्याला निविदा लागत नाही.

प्रताधिकाराची शंका काहीजण काढतात. प्रताधिकार कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनंतर, नफा न कमावता दिव्यांगांसाठी वाचनसुलभ प्रत करता येते. अशा प्रतींसाठीच्या मराकेश कराराला 2014 मध्ये सर्वांत आधी मान्यता दिली ती भारताने.

दुपारी जेवणानंतर संगणक कक्षात कार्यशाळा आहे. जुन्या फॉन्टमधला एखादा प्रश्नसंच पेनड्राइव्हवर घेऊन या. तो युनिकोडमध्ये बदलून, ऐकून, कुठे अडतो ते आमचे अंध विद्यार्थी तुम्हाला दाखवतील. प्राध्यापकांनी पुढच्या रांगेत बसावे, ही आग्रहाची विनंती.