तारे एकटे जन्मत नाहीत

श्रोतेहो, तारा एकटाच जन्मास येतो, अशी जी समजूत आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात घट्ट बसली आहे, ती आज दूर करावयाची आहे. मुदत थोडी आहे, तेव्हा एवढे एकच जरी पटले तरी मला समाधान आहे.

ज्याने श्रावणात मावळचे डोंगर पाहिले, त्याला हे जड जाऊ नये. लोणावळ्याजवळ कुरवंड्याकडचे पाणी एकदम इंद्रायणी होऊन वाहत नाही. ओहोळाला ओहोळ मिळतो, त्यांचा ओढा होतो, आणि ओढे मिळून नदी होते. ताऱ्यांचेही तसेच आहे. आकाशगंगेच्या तबकडीत, तिच्या सर्पिल भुजांत, शून्याखाली सुमारे 260 अंश इतके थंड असलेले वायूचे मेघ स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आकसून तंतूंसारख्या धारा धरतात, आणि त्या धारांच्या संगमावर लहान लहान पुंजक्यांत तारे जन्मतात. पुढे हे पुंजके परस्परांकडे ओढले जाऊन मोठा गुच्छ होतो. गुच्छ एका घावात घडत नाही, तो जमत जातो; पुन्हा सांगतो, जमत जातो! मात्र त्यातील थोर ताऱ्यांचे प्रखर किरण उरलेला वायू उधळून लावतात, उघडीप पडताच ओहोळ आटावेत तसा पुरवठा खुंटतो, आणि बहुतेक गुच्छ लवकरच विखुरतात.

मृगातील बाणाच्या तीन ताऱ्यांखाली जो धूसर ठिपका दिसतो, तेथे सुमारे 1350 प्रकाशवर्षांवर हा उद्योग आजही चालू आहे. कृत्तिका मात्र सुमारे 10 कोटी वर्षांच्या. त्यांचा वायू केव्हाच सरला, तरी कुटुंब अद्याप टिकून आहे. आपल्याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या अशा जन्मस्थळांतील तप्त वायूचा वेध घेतात, कारण रेडिओलहरींना धुळीचा पडदा आड येत नाही. आपला सूर्यही बहुधा अशाच गुच्छात जन्मला. त्याची भावंडे कोठे गेली, हा विषय मोठा आहे आणि वेळ संपत आली आहे.

वर्षासहलीला लोणावळ्यास गर्दी करणाऱ्यांनी हिवाळ्यातील आकाशाकडे पाठ फिरवावी, हे बरे नव्हे. मार्गशीर्षात एखाद्या रात्री अंगणातील दिवे घडीभर मालवा, मुलांना कृत्तिका दाखवा, आणि हे तारे एकत्र जन्मले, एवढे त्यांना अवश्य सांगा.