एका घरात दोन चुली : जुन्या संगणकावर विंडोजशेजारी लिनक्स

(लाटंबार्से, तालुका डिचोली, येथे ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या शाळांतून, वाचनालयांतून आणि कित्येक घरांतूनही एक दृश्य हल्ली नेहमी दिसते. कोपऱ्यात एक संगणक असतो, त्यावर भरतकाम केलेले कापड घातलेले असते आणि त्यावर धूळ साचलेली असते. चौकशी केली तर उत्तर मिळते, ''चालतो, पण फार हळू चालतो.'' म्हणजे यंत्र मेलेले नाही, थकलेले आहे. अशा यंत्राला पुन्हा कामाला कसे लावावे, याविषयी चार गोष्टी सांगण्यासाठी मी आपल्यापुढे उभा आहे. मी अभियंता नाही, कला शाखेचा पदवीधर आहे. जे मला जमले ते आपल्यापैकी कोणालाही जमेल, हीच माझी या विषयातील पात्रता.

प्रथम हा प्रश्न आजच का उभा राहिला, ते पाहू. विंडोज १० या प्रणालीला मोफत सुरक्षा-दुरुस्त्या पुरविणे मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. घरगुती ग्राहकांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ देण्यात आली. पण मुदतवाढ म्हणजे कायमचा बंदोबस्त नव्हे. विंडोज ११ घ्यावी म्हटले तर तिला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि साधारणपणे २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यापूर्वीचे बहुतेक संगणक या अटींत बसत नाहीत. त्यांनी काय करावे? भंगारात जावे? ई-कचऱ्यासंबंधीचे केंद्र सरकारचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि संगणकाच्या पट्ट्यांतील शिसे डिचोलीच्या मातीत मिसळावे असे आपल्यापैकी कोणालाही वाटणार नाही. खाणींनी या तालुक्याच्या मातीला जे सोसायला लावले ते पुरेसे आहे.

यावर उपाय आहे तो लिनक्स या प्रणालीचा. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने १९९१ साली तिचा गाभा लिहिला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेल्या 'ग्नू' प्रकल्पातील साधने तिला जोडली गेली, आणि जगभरच्या हजारो लोकांनी तिची जोपासना केली. ती विनामूल्य मिळते, तिची प्रत दुसऱ्याला देणे हा गुन्हा नाही, आणि तिच्या काही हलक्या आवृत्त्या जुन्या यंत्रावरही सुखाने चालतात. आपल्या देशात सी-डॅक या शासकीय संस्थेने 'बॉस' नावाची लिनक्स-प्रणाली तयार केली आहे. केरळ राज्याने २००१ साली सुरू केलेला 'आयटी ॲट स्कूल' हा शालेय उपक्रम पुढे मुक्त प्रणालींकडे वळला. गोव्यालाही हे नवे नाही. परदेशस्थ गोमंतकीयांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या 'गोवा कॉम्प्युटर्स-इन-स्कूल्स प्रोजेक्ट' या उपक्रमातून परदेशातील वापरलेले संगणक आपल्या शाळांत आले आणि त्यांवर लिनक्स चालविले गेले. दुसऱ्याने टाकलेले यंत्र आपण वापरात आणले. मग आपले स्वतःचे यंत्र आपण का टाकावे?

येथे कोणी विचारील, ''मग विंडोज पुसून टाकू का?'' माझे उत्तर आहे, घाई नको. आपले कित्येक जुने मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या फॉन्ट-पद्धतीत टंकलेले आहेत. तो फॉन्ट नसेल तर अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. काही कार्यालयीन कामे, काही छपाईयंत्रे आणि डिजिटल स्वाक्षरीची काही साधने विंडोजवरच चालतात. म्हणून एका घरात दोन चुली मांडाव्यात. घर एक, अंगण एक, दरवाजा एक; पण स्वयंपाकघरे दोन. संगणक सुरू होताना तो विचारतो, ''आज कोणत्या चुलीवर रांधायचे?'' दोन्ही चुली मात्र एका वेळी पेटत नाहीत, हे ध्यानात असावे.

घराची वाटणी करताना कागदपत्रे आधी सांभाळावी लागतात. या बाबतीत माझीच फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी घरच्या संगणकावर मी हा प्रयोग केला. पडद्यावर दोन पर्याय आले : 'विंडोजशेजारी बसवा' आणि 'डिस्क पुसून बसवा'. मी वाचण्याचे कष्ट न घेता दुसरा पर्याय निवडला. दहा मिनिटांत माझ्या वडिलांची सर्व छायाचित्रे गेली. ते हयात नाहीत, आणि त्या छायाचित्रांची दुसरी प्रत नव्हती. त्या दिवसापासून मी सर्वांना पहिली पायरी हीच सांगतो : सर्व महत्त्वाचा मजकूर बाहेरच्या डिस्कवर उतरवा, ती डिस्क दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा आणि मगच पुढे जा. शाळेचे हजेरीपट, निकालपत्रके, पंचायतीचे ठराव हे कोणाच्या एकट्याच्या मालकीचे नसतात. ते गेले तर गावाचे जातात.

दुसरी पायरी यंत्राच्या तपासणीची. रॅम किती आहे आणि प्रोसेसर ६४ बिटांचा आहे की ३२ बिटांचा, हे विंडोजच्या 'सिस्टिम इन्फर्मेशन' या खिडकीत दिसते. ६४ बिटांचा प्रोसेसर व ४ जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंटची 'एक्सएफसीई' आवृत्ती चांगली चालते. तिची किमान गरज २ जीबीची आहे. रॅम दोन जीबीच्या आसपासच असेल तर 'लुबंटू'सारखी आणखी हलकी आवृत्ती पाहावी. केवळ ३२ बिटांच्या यंत्रावर फार आशा ठेवू नये. डेबियनसारख्या जुन्या, मान्यवर प्रकल्पानेही २०२५ च्या १३ व्या आवृत्तीपासून अशा यंत्रांसाठी नवी स्थापना बंद केली आहे. हार्ड डिस्क कुरकुरत असेल तर ती आधी बदलावी. तिच्या जागी लहानशी एसएसडी बसविली तर यंत्राचा वेग इतर कोणत्याही उपायापेक्षा अधिक वाढतो.

तिसरी पायरी विंडोजला तयार करण्याची. डिस्कवर 'बिटलॉकर' किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' हे कुलूप असेल तर त्याची पुनर्प्राप्ती-किल्ली कागदावर लिहून ठेवावी, अथवा ते कुलूप काढावे. मग 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये जाऊन 'फास्ट स्टार्टअप' बंद करावे. ते चालू असले तर विंडोज खऱ्या अर्थाने बंद होत नाही, अर्धवट झोपते. आणि झोपलेल्याच्या खोलीत दुसऱ्याने सामान हलवू नये. त्यानंतर 'डिस्क मॅनेजमेंट' उघडून 'श्रिंक व्हॉल्यूम'ने विंडोजच्या विभागातून चाळीस ते पन्नास जीबी जागा मोकळी करावी. ही जागा विंडोजच्याच साधनाने मोकळी केलेली बरी. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर मुख्य विभाग चारच असू शकतात. चारही भरलेले दिसले तर तेथेच थांबून जाणत्याला बोलवावे.

चौथी पायरी पेनड्राइव्हची. प्रणालीची फाईल तिच्या अधिकृत ठिकाणाहूनच उतरवावी आणि तेथे दिलेल्या तपासणी-अंकाशी तिची जुळणी करावी. आठ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर ती 'रूफस' किंवा 'एचर' या साधनाने लिहावी. पेनड्राइव्हवर पूर्वीचे जे असेल ते यात पुसले जाते. मग संगणक बंद करून पुन्हा सुरू करताना एफ-१२, एफ-२, एस्केप किंवा डिलीट यांपैकी आपल्या यंत्राची जी कळ असेल ती दाबून पेनड्राइव्हवरून सुरुवात करावी. या टप्प्यावर लिनक्स काहीही न बसविता चालवून पाहता येते. वायफाय लागते का, आवाज येतो का, छपाई होते का, पडदा नीट दिसतो का, हे सर्व येथेच पाहावे. नवरी पाहावी, पसंत पडली तर बोलणी पुढे न्यावीत.

पाचवी पायरी प्रत्यक्ष स्थापनेची. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवावा. टेबलावरचा संगणक असेल तर यूपीएस हवा. आपल्याकडे पावसाळ्यात वीज केव्हा दगा देईल याचा भरवसा नसतो, आणि डिस्कची वाटणी चालू असताना वीज जाणे घातक ठरते. मेघगर्जना सुरू असेल तर काम दुसऱ्या दिवशी करावे. पर्याय निवडताना 'विंडोजशेजारी' हाच निवडावा. दोघांनी मिळून हे काम करावे; एकाने वाचावे, दुसऱ्याने कळ दाबावी. शेवटी 'ग्रब' नावाची यादी येते. तीच आपल्या घराचा सामाईक दरवाजा.

नंतरच्या दोन अडचणी आधीच सांगून ठेवतो. विंडोजमध्ये घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल, कारण लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ मानते. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवण्याची आज्ञा एकदा दिली की हा घोळ मिटतो. दुसरे असे की, विंडोजच्या एखाद्या अद्ययावतीकरणानंतर ग्रबची यादी नाहीशी होऊ शकते. ऑगस्ट २०२४ मध्ये तर अशाच एका अद्ययावतीकरणाने अनेक ठिकाणी लिनक्स सुरू होईनासे झाले होते. म्हणून तो पेनड्राइव्ह पुसू नये, जपून ठेवावा. दुरुस्ती त्यावरूनच होते.

मराठीची सोय पाहाल तर कळफलकाच्या मांडणीत मराठी इनस्क्रिप्ट जोडता येते. लिब्रे-ऑफिसमध्ये युनिकोडात लिहिलेले पत्र कोणत्याही आधुनिक यंत्रावर तसेच उघडते. यापुढे इंटरनेटचे काम लिनक्सवर करावे, आणि दुरुस्त्या न मिळणारी विंडोज शक्यतो इंटरनेटविना, जुन्या कामापुरती ठेवावी. मात्र शासकीय कार्यालयातील यंत्रावर हा प्रयोग वरिष्ठांच्या लेखी परवानगीशिवाय कोणी करू नये. उत्साह चांगला, पण सरकारी मालमत्तेवर तो नोंदवहीतून यावा.

बंधुभगिनींनो, जुने यंत्र नवे होत नाही. एका वेळी दहा पाने उघडली तर ते दमेल, हे मान्य करूनच त्याच्याकडून काम घ्यावे. पण ज्या मुलाच्या घरी संगणक नाही त्याला अर्ज भरायला, धडा टंकायला आणि आपले नाव मराठीत पडद्यावर उमटलेले पाहायला ते पुरेसे आहे. उद्या सकाळी शाळेत गेल्यावर त्या कोपऱ्यातल्या संगणकावरचे कापड काढा, रॅम किती आहे ते पाहा आणि त्यातला मजकूर दुसरीकडे उतरवून ठेवा. लिनक्स बसविले नाही तरी चालेल, पण एवढे काम उद्याच करा.