बँडपासून बोलपटापर्यंत

श्रोतेहो, नांदगावच्या बाजारात दादा कोंडक्यांचं नाव काढलं, की आधी हसू येतं. पण गुरुजी, हे हसवणं ते शिकले कुठं? जन्म १९३२ चा, मुंबईत, गिरणीकामगाराच्या घरात. आधी बँड, मग सेवा दल. पुढे वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' आलं. संहिता तीच, पण प्रयोगागणिक पदरचा ताजा विनोद! समोरचा प्रेक्षक हसला नाही, तर चूक तिथंच कळे. १९६९ त भालजींच्या 'तांबडी माती'त ते पडद्यावर आले; तिथं ही सोय नव्हती. तरी १९७१ साली 'सोंगाड्या'चे निर्माते झाले. त्यांचा द्व्यर्थी विनोद मला सगळाच रुचत नाही, हे खरं. तुमच्या शाळेतल्या ढोल वाजवणाऱ्या पोराला यंदाच्या संमेलनात दोन वाक्यं बोलायला द्याल ना?