पेनाची किंमत

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला संगणकावर काहीतरी बोलायला सांगितलं होतं. वीस वर्षं मी रोज त्याच्यासमोर बसते. सुट्टी काढून इथे यायचं आणि पुन्हा त्याच्यावरच बोलायचं, हे काही जमेना. म्हणून मी पेनाविषयी बोलणार आहे, शाईच्या पेनाविषयी. त्यात एक कबुलीही आहे, पण ती शेवटी.

हे ते पेन. पुढच्या रांगेपासून बघत बघत मागे द्या. टोपण फिरवून काढायचं, ओढायचं नाही. आणि कृपा करून कुणी झटकू नका. आपल्या वर्गात पुढच्या बाकावर बसणाऱ्यांच्या शर्टांच्या पाठी कशा दिसायच्या, ते सगळ्यांना आठवत असेल.

मराठीच्या बाई इथेच बसल्या आहेत. आठवीपर्यंत वर्गात बॉलपेन दिसता कामा नये, असा त्यांचा नियम होता. त्यामुळे पाचवीपासून आपली बोटं निळी. ड्रॉपरने शाई भरायची, आट्यांवर साबण चोळायचा, निब केसांना पुसायची. आमच्या घरी जूनमध्ये एक दौत यायची आणि दिवाळीनंतर दुसरी. मार्चपर्यंत ती पुरवायची म्हणून फेब्रुवारीत आई तिच्यात पाणी घालायची. माझ्या वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिका फिकट आकाशी असायच्या. बाई, तुम्ही कधी त्याबद्दल बोलला नाहीत. आईच्या लहानपणी तर शाईच्या गोळ्या पाण्यात विरघळवून शाई करत. दांडेकर बंधूंनी मुंबईत १९३१ साली जो धंदा सुरू केला, ज्याचं पुढे कॅम्लिन झालं, त्याची सुरुवातही शाईच्या पुडीपासून आणि गोळ्यांपासूनच झाली होती.

माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीकडे एक पारदर्शक पेन होतं. स्वस्तातलंच, पण आतली शाई दिसायची. पेपर चालू असताना किती उरली ते कळायचं. मला त्याचा एवढा हेवा वाटायचा की मी ते उगाचच मागून घ्यायची आणि लिहायच्या ऐवजी उलटंसुलटं करत बसायची. ती आज आली आहे. तिला हे आठवत नाही म्हणते.

आता मधली पंचवीस वर्षं सोडून देते. इंजिनिअरिंग, नोकरी, बंगळूर. हाताने लिहिणं म्हणजे सही, तीही हल्ली बोटानेच.

चार वर्षांपूर्वी आईचं ऐकणं कमी झालं. बाबा गेले त्याच वर्षी. श्रवणयंत्र घेतलं, एकदा बदलूनही झालं. समोर बसलं की तिला चालतं; फोन कानाला लावला की त्यात शिट्टी वाजते. रोज रात्री मी इकडून ओरडायची आणि ती तिकडून “बरं आहे, बरं आहे” म्हणायची. मी काय विचारलं, याच्याशी त्या ‘बरं आहे’चा संबंध नसायचा. व्हिडिओवर ती नुसती हसायची. मोबाईलवरची अक्षरं तिला बारीक वाटतात. म्हणून मी पत्र पाठवलं. ऑफिसच्या प्रिंटरवर, चांगल्या मोठ्या अक्षरात छापून. तिचं उत्तर आलं: “पाकीट फोडलं तर बँकेचं काहीतरी आलंय असं वाटलं. तू स्वतः लिहीत का नाहीस?”

लिहायला बसले. बॉलपेनने अर्धं पान झालं आणि अंगठा दुखायला लागला. अक्षर बघून मलाच लाज वाटली. ‘क्ष’ काढताना हात अडला. बाई, खरं सांगते, अडला. बॉलपेनला कागदावर दाबावं लागतं. शाईचं पेन नुसतं टेकवलं तरी उमटतं. निबेच्या बारीक चिरेतून शाई आपोआप उतरते. तेव्हा शाईचं पेन घ्यायचं ठरलं.

इथे मी प्रामाणिक राहते. आईला पत्र लिहायला दोनशे रुपयांचं पेन पुरलं असतं. पारदर्शकच हवं होतं, तर तैवानी कंपन्यांची छान पेनं काही हजारांत मिळतात. पण दुकानदाराने हे समोर ठेवलं. पायलट या जपानी कंपनीचं कस्टम ८२३. अशा आरपार दिसणाऱ्या पेनांना ‘डेमॉन्स्ट्रेटर’ म्हणतात, कारण पूर्वी कंपनीचे विक्रेते पेनाच्या आतली यंत्रणा दुकानदारांना दाखवण्यासाठी तसली पेनं घेऊन फिरत. दुकानदाराने पेन दौतीत बुडवून मला कागद पुढे केला. मी माझं नाव लिहिलं नाही, ‘क्ष’ लिहिला. आणि घेतलं.

विज्ञानाच्या सरांसाठी थोडं सांगते. याच्या बुडाशी खुंटी आहे. ती फिरवून मोकळी करायची, आतला दांडा पूर्ण बाहेर ओढायचा, निब शाईत बुडवायची आणि दांडा एका दमात खाली दाबायचा. दांड्याच्या टोकाला चकती आहे. ती नळीला घट्ट चिकटून निबेकडे सरकते, तशी तिच्या मागे पोकळी तयार होते. निबेजवळ नळी जराशी रुंद केलेली आहे. चकती तिथे पोचली की कडेने वाट मोकळी होते, आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने शाई भसकन वर चढते. सर, नववीत तुम्ही पेल्यावर पुठ्ठा ठेवून तो उलटा धरला होता. तीच ही हवा. पहिल्यांदा भरलं तेव्हा मी शाई सांडून टाकली आणि पुन्हा भरली, नुसतं बघायला.

आपली पेनं शाई संपत आली की जास्त का गळायची, हेही मला या पेनामुळे कळलं. शाई कमी म्हणजे आत हवा जास्त. हाताच्या उबेने ती फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. या पेनात खुंटी घट्ट लावली की दांड्याचं टोक निबेकडची वाटच बंद करतं. त्यामुळे विमानातही भीती नाही. मात्र जास्त लिहायचं असेल तर खुंटी दोन-तीन मिलिमीटर सैल करून ठेवावी लागते. मला हे माहीत नव्हतं. पहिल्याच पत्रात दीड पानावर पेन कोरडं पडलं. सव्वीस हजार पाण्यात गेले म्हणून मी रात्रभर चरफडले. सकाळी पेनासोबतची माहितीपत्रिका उघडली. वीस वर्षं मी लोकांना सांगत आले आहे, आधी माहितीपत्रिका वाचा!

हं, आकडा तोंडून गेलाच. असू द्या.

निब चौदा कॅरट सोन्याची आहे. सोनं शाईने गंजत नाही, हा त्याचा खरा उपयोग. कागदाला टेकतं ते टोक मात्र सोन्याचं नसतं, दुसऱ्या एका कठीण धातूचं असतं. सोनं झिजलं असतं. शाई मी साधी निळी वापरते. पारदर्शक पेनात लाल किंवा जांभळी घातली तर डाग राहू शकतो. आणि पोस्टकार्डाच्या नादी लागू नका, त्यावर शाई फुटते. जाड कागद, पाकीट आणि पाच रुपयांचं तिकीट.

दर रविवारी एक पत्र. आई गुरुवारी-शुक्रवारी उत्तर टाकते. पहिली काही पत्रं दूधवाला, पाणी आणि शेजारच्या सुनेची होती. मग एकदा तिने लिहिलं की रात्री ती रेडिओ लावून झोपते. ऐकू येत नाही, पण त्याचा बारका दिवा दिसतो आणि बाबा बाहेरच्या खोलीत आहेत असं वाटतं. चार वर्षांच्या ‘बरं आहे’मध्ये हे कधी आलं नव्हतं. मी ते पत्र ऑफिसच्या जिन्यात वाचलं. त्या रविवारी मी सहा पानं लिहिली. पेनातली सगळी शाई संपली. नळी रिकामी होताना दिसत होती, तरी थांबले नाही. शेवटच्या दोन ओळी फिकट गेल्या, फेब्रुवारीतल्यासारख्या.

आता कबुली. मागच्या दिवाळीत आई बंगळूरला आली. टेबलावरचं हे पेन तिने हातात घेतलं, उजेडात धरलं आणि विचारलं, “केवढ्याला?” मी म्हटलं, “तीनशेला.” ती म्हणाली, “तीनशे! पेनाला! तुला काही पोच आहे का?” जाईपर्यंत दोनदा तिने ते तीनशे काढले. दौतीत पाणी घालणाऱ्या बाईला खरा आकडा सांगायची माझी छाती झाली नाही.

ती आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. हॉलमध्ये आवाज घुमतो, त्यामुळे तिला यातलं काही ऐकू येत नाहीये. तुम्ही हसलात की ती हसते, तुम्ही टाळ्या वाजवल्या की तीही वाजवते. सकाळीच मला म्हणाली, “तू काय बोललीस ते स्मरणिकेत येईल ना? घरी निवांत वाचीन.”

आई, सव्वीस हजार. काय बोलायचं ते शुक्रवारच्या पत्रात बोल.

पेन कुठपर्यंत पोचलं? टोपण लावलंय ना?