अनोळखी गिऱ्हाईक
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही व्याख्याती नव्हे. चिटणीसबाई निमंत्रण घेऊन घरी आल्या, तेव्हा मी म्हटलेही, "बाई, मला भाषण कुठले यायला? मी आपली दुकाने हिंडणारी." त्यावर त्या म्हणाल्या, "मग तेच सांगा. तुम्ही सकाळी पिशवी घेऊन निघता आणि सायंकाळी जवळजवळ रिकामीच पिशवी घेऊन परतता. तुम्ही करता तरी काय, हे साऱ्या मोहल्ल्याला कोडे आहे." तेव्हा आज ते कोडे सोडविते.

माझ्या कामाला मिस्ट्री शॉपिंग असे नाव आहे. मी त्याला 'अनोळखी गिऱ्हाईक' म्हणते. एखाद्या मोठ्या कंपनीची दुकाने गावोगाव असतात. मालक बसलेला मुंबईला. आर्वीच्या किंवा हिंगणघाटच्या दुकानात गिऱ्हाइकाशी कसे बोलतात, हे त्याला कसे दिसावे? तो स्वतः आला तर सगळे हात जोडून उभे राहतील. म्हणून तो एका एजन्सीमार्फत माझ्यासारख्या बाईला पाठवितो. मी साध्या गिऱ्हाइकासारखी जाते, वस्तू पाहते, चार प्रश्न विचारते, कधी काही विकत घेते, आणि घरी येऊन जे पाहिले त्याचा अहवाल लिहिते. वेष पालटून रात्री नगरात फिरणाऱ्या राजाच्या गोष्टी आपण लहानपणी ऐकल्या आहेत. फरक एवढाच की, इथे राजा घरीच असतो आणि फिरते ती मी!

हे काम मूळचे अमेरिकेतले. दुकानातला नोकर गल्ल्यात हात तर घालीत नाही ना, हे पाहण्यासाठी तिकडे खाजगी हेर गिऱ्हाईक बनून जात. १९४० नंतरच्या काळात त्याला आजचे नाव मिळाले, आणि चोरी पकडण्याऐवजी वागणूक पाहण्याकडे त्याचा रोख वळला.

याच्या जोडीला मी दुसरेही एक काम करते, ते मर्चंडायझिंगचे. म्हणजे कंपनीचा माल दुकानाच्या फळीवर नीट मांडणे. पूर्वी आपण वाण्याला यादी देत असू आणि तो आतून माल काढून देई. १९१६ साली अमेरिकेतील मेम्फिस या शहरात क्लेरेन्स साँडर्स नावाच्या व्यापाऱ्याने असे दुकान काढले की, गिऱ्हाइकाने टोपली घेऊन स्वतःच माल उचलावा. तेव्हापासून मालाची ओळख करून द्यायला वाणी मध्ये उरला नाही. फळीनेच बोलावे लागते. कोणता डबा कोठे ठेवायचा याचा नकाशाच कंपनी पाठविते. जो माल खपवायचा तो मोठ्या माणसाच्या नजरेसमोर, मुलांचा खाऊ त्यांच्या हाताला येईल असा खाली, आणि पैसे देण्यासाठी रांगेत उभे राहावे लागते तेथे चॉकलेटे. जुन्या तारखेचा माल पुढे आणि नवा मागे. भगिनींनो, पुढच्या वेळी दुधाची पिशवी घ्याल तेव्हा जरा मागे हात घालून पाहा. हे गुपित मी आपल्याला फुकट सांगितले!

आता या कामाची रीत सांगते. एजन्सी मोबाइलवर काम कळविते. आधी सूचना वाचून छोटी परीक्षा द्यावी लागते. मग ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळेत दुकानात जायचे. आत पाऊल टाकल्यापासून किती वेळात कोणी विचारपूस केली, बिल न मागता दिले का, माहिती बरोबर सांगितली का, हे सारे ध्यानात ठेवायचे. तेथे उभे राहून लिहिले तर बिंग फुटते, म्हणून बाहेर आले की बस-स्थानकाच्या बाकावर बसून टिपून घ्यायचे. बिलाचा फोटो काढायचा आणि त्याच रात्री अहवाल पाठवायचा.

मिळकत किती, हे आपण विचारणारच. मला एका फेरीचे १५० ते ४०० रुपये मिळतात. पैसे हाती यायला दीड-दोन महिने लागतात. महिलांना एस.टी.त मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट झाले, त्याचा मोठा आधार झाला. तरीही एकाच कामासाठी वर्धेहून हिंगणघाटला जाऊन दिवस घालविला, तर हाती काही उरत नाही. त्याच वाटेवरची दोन-तीन कामे मिळाली तरच निघावे. फोटो अस्पष्ट आला एवढ्याच कारणावरून एका एजन्सीने माझे पुरे पैसे बुडविले होते. तेव्हापासून तारीख, काम, खर्च आणि जमा अशी चार खणांची वही मी ठेवली आहे. हे काम म्हणजे नोकरी नव्हे. पगारी रजा नाही, आजारपणाची सोय नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा सुट्या कामगारांना 'गिग कामगार' असे नाव मिळाले आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पण कायद्यात नाव आले म्हणजे घरात धान्य आले असे होत नाही. तेव्हा घरखर्चाला हातभार म्हणूनच याच्याकडे पाहावे.

येथवर सारे हिशेबाचे झाले. पण आज जे सांगण्यासाठी मी उभी राहिले, ते निराळेच आहे.

मी हे काम धरले तेव्हा माझ्या सासूबाईंनी विचारले, "दुकानात जाऊन काय सांगतेस?" मी म्हटले, "सांगते की मुलीच्या संसारासाठी मिक्सर पाहायचा आहे." त्या म्हणाल्या, "तुला मुलगी कुठे आहे? म्हणजे खोटं बोलून पैसे आणतेस तर!" सासूबाईंनी आयुष्यभर सूत कातले. सेवाग्राम आपल्या गावापासून जवळच. तेथे बापू १९३६ साली येऊन राहिले, त्यांच्या आठवणी ऐकत त्या वाढल्या. त्यांना काय उत्तर द्यावे? मी म्हटले, "आई, वेष खोटा असला तरी लिहिते ते खरे लिहिते." त्या गप्प राहिल्या. मला वाटले, वाद जिंकला.

पुढे एका तालुक्याच्या गावी विजेच्या उपकरणांच्या दुकानात मला काम आले. काउंटरवर एक तरुण मुलगा एकटाच होता. त्याने माझ्याकडे पाच मिनिटे पाहिले नाही. मग आला तो घाईत. मिक्सर चालवून दाखविला नाही, वाढीव वॉरंटीचे बोलला नाही. अहवालात प्रश्न होते: लगेच विचारपूस केली का? नाही. वस्तू चालवून दाखविली का? नाही. जोडीची वस्तू सुचविली का? नाही. एवढे लिहून मी मोकळी झाले. शेवटी 'अन्य शेरा' म्हणून एक रिकामी जागा होती. शेवटची बस गाठून घरी येईतो रात्र झाली होती. ती जागा मी कोरीच सोडली.

दोन-तीन महिन्यांनी त्याच गावी फळ्या लावण्याच्या कामाला गेले, तर तोच मुलगा रस्त्यावर मोबाइलची कव्हरे विकत बसलेला. त्याने मला ओळखले. "काकू, तुमी मिक्सर पाह्यला होता न? घेतला नाई मंग?" मी विचारले, "दुकान सोडलंस का रे?" तो म्हणाला, "काय करू वो काकू? कंपनीचा कोनी मानूस गिऱ्हाईक बनून येऊन गेला. रिपोर्ट वाईट गेला. त्या महिन्याचं कमिशन कटलं, मालकाची बोलनी खाल्ली, मंग सोडून देल्लं. त्या हप्त्यात संगचा पोट्टा सुट्टीवर होता. गोडाऊनची गाडी बी आल्ती. मी एकटाच होतो."

भगिनींनो, ती गाडी मी पाहिली होती. दुकानाच्या दाराशी खोकी उतरत होती आणि तो मुलगा एक डोळा खोक्यांवर आणि एक डोळा गल्ल्यावर ठेवून होता. हे सारे मला दिसले होते. लिहायला जागाही होती. मी लिहिले नाही. 'तो माणूस म्हणजे मीच' हे त्याला सांगावे असे ओठांवर आले. पण कामाच्या करारात ओळख देण्याची मनाई असते. आणि खरे सांगायचे तर, मला धीर झाला नाही. एक कव्हर विकत घेतले आणि मान खाली घालून निघाले.

घरी सासूबाईंना सारे सांगितले. त्या एवढेच म्हणाल्या, "खरं लिहिलंस, पण सगळं लिहिलं नाहीस." त्या दिवसापासून 'अन्य शेरा' ही जागा मी कधी कोरी सोडीत नाही. दुकानात माणसे किती होती, गर्दी किती होती, पंखा बंद होता का, विक्रेती मुलगी सकाळपासून उभीच होती का, हे जे डोळ्यांनी दिसले ते लिहिते. एजन्सीवाले कधी कधी 'अनावश्यक मजकूर' म्हणून परत पाठवितात. मी पुन्हा तेच लिहून पाठविते.

कित्येक दुकानांत महात्माजींच्या नावाचा एक फलक असतो. गिऱ्हाईक हा किती मोठा पाहुणा आहे, असे त्यात सांगितलेले असते. ते वचन गांधीजींच्या लेखनात सापडत नाही. १९४१ साली अमेरिकेतील एका मोटार कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याच्या नावाने तशा अर्थाचा मजकूर छापलेला शोधकांना आढळला आहे. वचन चांगले आहे, पण दुसऱ्याच्या नावावर खपविलेले. आणि त्या फलकाखाली दिवसभर उभा असलेला मुलगाही कोणाच्या घरचा लाडका असतो, हे त्यात कोठेच लिहिलेले नसते.

आता दोन सूचना करते आणि संपविते.

पहिली सावधगिरीची. या कामाच्या नावाने फसवणूक फार चालते. मोबाइलवर निरोप येतो: घरबसल्या काम, एका शेऱ्याचे १५० रुपये. पहिले पैसे खरोखर येतात. मग मोठ्या कामासाठी 'अनामत' भरा म्हणतात, आणि ती गेली की गेली. परदेशात तर खोटा चेक पाठवून बायकांकडून खरे पैसे काढून घेतात. एकच खूण ध्यानात ठेवा: जे काम तुमच्याकडे आधी पैसे मागते, ते काम नव्हे. तरीही कोणी फसलीच, तर लाजून गप्प बसू नका. १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. जितक्या लवकर कराल, तितकी पैसे अडविले जाण्याची आशा अधिक.

दुसरी सूचना आपल्या मंडळासाठी. कंपनी मला पैसे देते ते तिच्या फायद्याचे पाहण्यासाठी. मुलगा हसला का, हे ती विचारते. तराजूवर पडताळणीचा शिक्का आहे का, हे मला आजवर कोणी विचारले नाही. पण अनोळखी माणूस पाठवून पाहण्याची ही युक्ती लोकांच्या कामीही येते. २०१४-१५ मध्ये संशोधकांनी मुंबई आणि पाटणा येथील खाजगी दवाखान्यांत क्षयरोगाची लक्षणे सांगणारे शिकविलेले 'रोगी' पाठविले. सुमारे एक तृतीयांश भेटींतच योग्य ती दखल घेतली गेली, असे आढळले. अशा पाहणीतूनच सुधारणा कोठे हवी हे कळते.

मग आपण आपल्यासाठी का पाहू नये? बाजारहाटाची नजर आपल्याला आईकडून मिळालेली आहे. ती शिकायला एजन्सी लागत नाही. महिन्यातून एकदा दोघी-दोघींनी ठरवून बाजारात जावे. पाकिटावर निव्वळ वजन, बनविल्याचा महिना, सर्व करांसहित किंमत आणि तक्रारीचा पत्ता आहे का, ते पाहावे. बिल मागावे. पाहिलेले मंडळाच्या वहीत लिहावे. चूक दिसली तर आधी दुकानदाराशी सौम्यपणे बोलावे. तो आपलाच शेजारी आहे. नच ऐकले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि वर्धेत जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार करायला तेथे शुल्कही पडत नाही. आणि ज्या दुकानात तोल चोख आणि बोलणे गोड, त्याचेही नाव वहीत अवश्य लिहावे.

मात्र वहीत एक खण 'अन्य शेरा' म्हणून ठेवावा, आणि तो कोणी कोरा सोडू नये, एवढीच माझी विनंती आहे.