साध्या इंजिनाला टर्बो: किती ताकद, कुठलं पेट्रोल

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



तांबडा-पांढरा रस्सा पोटात असताना इंजिनावरचं भाषण ऐकायला बसलात, त्याबद्दल आधी आभार. समितीनं सांगितलं, ‘तुझ्या कामाबद्दल काहीतरी बोल.’ माझं काम दोन वाक्यांत सांगता येतं. इंजिन डायनॅमोमीटरला जोडायचं, त्याला दमेपर्यंत पळवायचं, आणि ते कुठे मोडतं, का मोडतं हे लिहून ठेवायचं. पुण्यात तीस वर्षं हेच करतेय. तुम्ही इंजिनं जपता, आम्ही पगार घेऊन मोडतो.

विषय मात्र आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपनंच दिला. वर्षभरात तिघांनी वेगवेगळे फोन करून एकच प्रश्न विचारला: ‘पोरगा गाडीला टर्बो बसवायचं म्हणतोय, चालेल का?’ तिन्ही गाड्या सव्वा लिटरच्या आतबाहेरच्या, कंपनीतून बिनटर्बो आलेल्या. तिन्ही पोरांनी इंटरनेटवर भरपूर वाचलेलं. त्यांचं वाचन चुकीचं नाही, पण ते आपल्या पंपावरचं नाही. ते कसं, ते पुढे सांगते.

आपल्याला सरांनी बॉइलचा नियम सायकलच्या पंपावर शिकवला होता. पंपाचं तोंड बोटानं दाबलं की आत दाब वाढतो आणि पंप गरम होतो. टर्बोचं सगळं सुखदुःख या दोन गोष्टींत आहे. सायलेंडरमागून बाहेर पडणारा धूर एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त.

आता हिशेब बघा. अर्धा बार दाब वाढवला म्हणजे हवा दीडपट झाली, असं पोरं धरतात. तसं होत नाही. बाहेर ३० अंश असताना हवा इतकी दाबली की साध्या टर्बोतून ती ८५ ते ९० अंशांची होऊन निघते. गरम हवा विरळ. प्रत्यक्षात जेमतेम सव्वापट हवा आत जाते, आणि ती तापलेली असते हा तोटा वेगळाच. मध्ये इंटरकूलर बसवून तीच हवा ५० अंशांपर्यंत आणली तर १.४ पट पडते. म्हणून ‘इंटरकूलर नंतर बघू’ म्हणणाऱ्याशी मी पुढे बोलतच नाही.

तापलेल्या हवेचा खरा धोका नॉकिंगचा आहे. ठिणगी पडली की ज्वाला प्लगपासून पसरत कडेला जाते. ती पोचायच्या आत कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं स्वतःच पेटलं, तर सायलेंडरमध्ये दाबाच्या लाटा आपटतात. डब्यात खडी हलवल्यासारखा आवाज येतो. या लाटा पिस्टनच्या माथ्यावरचा थंड हवेचा पातळ थर खरवडून काढतात आणि ॲल्युमिनियम उघडं पडतं. आधी रिंगांमधल्या कडा तुटतात, मग पिस्टनला भोक. प्लग काढून बघितला तर पांढऱ्या चिनी मातीवर ॲल्युमिनियमचे बारीक ठिपके दिसतात. ते दिसले की समजायचं, पिस्टन झिजून प्लगवर येऊन बसलाय.

ऑक्टेनचा आकडा म्हणजे या आपोआप पेटण्याला पेट्रोल किती विरोध करतं त्याचं माप. आयसोऑक्टेनला १०० धरलं, हेप्टेनला शून्य, आणि कॉम्प्रेशन कमी-जास्त करता येणाऱ्या एका सायलेंडरच्या इंजिनात आपलं पेट्रोल त्यांच्याशी ताडून बघितलं, एवढंच. त्यात ताकद भरलेली नसते. साध्या गाडीत १०० ऑक्टेन ओतून ‘पळायला लागली’ म्हणणारे मित्र मला माहीत आहेत. पळतं त्यांचं मन. ज्या इंजिनाला ९१ पुरतं, त्याला वरचे नऊ आकडे दिसतही नाहीत.

पण ज्याला हवेत, त्याला ते किती देतात याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण १९४० चं आहे. ब्रिटनच्या स्पिटफायर आणि हरिकेन विमानांतलं मर्लिन इंजिन ८७ ऑक्टेनवर चालायचं, सुपरचार्जरचा दाब सव्वासहा पौंड. त्या वर्षी १०० ऑक्टेनचं इंधन आलं आणि दाब बारा पौंडांपर्यंत नेता आला. ताकद सुमारे १०३० वरून १३१० अश्वशक्तीवर गेली. इंजिन मुळात तेच. आणि अट ऐका: ही जादा ताकद पाच मिनिटं, आणीबाणीत, आणि वापरली तर उतरल्यावर नोंद करायची. जर्मन विमान पाठीशी असतानासुद्धा सुरक्षित मर्यादा मिनिटांत लिहिलेली होती.

आता पोरांच्या वाचनाकडे येते. ते बहुतेक अमेरिकन लोकांनी लिहिलेलं असतं. ‘९१ ऑक्टेनवर अर्धा बार चालतो, मी दोन वर्षं चालवतोय.’ आपला पोरगा बघतो, आपल्याकडेही ९१ मिळतं. संपलं. अमेरिकेच्या पंपावरचा आकडा दोन चाचण्यांची सरासरी असतो: एक सौम्य, रिसर्च नावाची, दुसरी कडक, मोटर नावाची. आपल्याकडे फक्त रिसर्चचा आकडा लिहितात, आणि तो नेहमी मोठा असतो. अमेरिकेतलं ९१ म्हणजे आपलं साधारण ९५-९६. आपलं ९१ म्हणजे तिकडचं ८७, सगळ्यांत स्वस्त नळी. हा चार-पाच आकड्यांचा फरक एका पिस्टनच्या किमतीचा आहे, आणि तो कुठल्याही किटच्या खोक्यावर छापलेला मी पाहिलेला नाही.

त्यात भर इथेनॉलची. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा आकडा ९५ असल्याचं पेट्रोलियम मंत्रालयानं सांगितलंय, आणि इथेनॉल नॉकिंगला खरंच चांगला विरोध करतं, वाफ होताना मिश्रण थंडही करतं. टर्बोवाल्यांना ही भेटच आहे. पण इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो. साध्या पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन. हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सर ते सांभाळून घेतो. पूर्ण दाबावर बऱ्याच गाड्या सेन्सरचं ऐकत नाहीत, ठरलेल्या तक्त्यावर चालतात. तक्ता जुन्या पेट्रोलवर बनवलेला असेल तर नेमक्या वाईट वेळी मिश्रण कोरडं पडतं. ट्यूनिंग करणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा: तक्ता कुठल्या पेट्रोलवर बांधला? त्यानं ‘चांगल्या’ असं उत्तर दिलं तर चहा पिऊन निघा. एक्सपी १०० सारखं शंभराचं पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये आलं तेव्हा पहिल्या दहा शहरांत पुणं होतं. पण त्यावर तक्ता बांधलेली गाडी घेऊन तुम्ही गावी गेलात आणि टाकी रिकामी झाली, तर वाटेत जे मिळेल तेच भराल ना? तक्ता नेहमी वाटेतल्या सगळ्यांत वाईट पंपासाठी बांधायचा.

इंजिन किती झेपेल, हे लोक अश्वशक्तीत विचारतात. तिथं फसगत होते. सहा हजार फेऱ्यांवर १०० अश्वशक्ती म्हणजे ११७ न्यूटन-मीटर टॉर्क. तीच १०० तीन हजारांवर काढली तर २३४. कनेक्टिंग रॉडला अश्वशक्ती कळत नाही, पिस्टनवर बसणारा धक्का कळतो, आणि तो टॉर्कबरोबर चालतो. फेऱ्यांनी रॉड ताणला जातो, तोही वर्गाच्या प्रमाणात: सहाचे सात हजार केले की ताण ३६ टक्के जास्त. म्हणून खालच्या फेऱ्यांत भसकन दाब देणारा छोटा टर्बो चालवायला मजेचा आणि रॉडला सर्वांत वाईट. आंबा घाटात मे महिन्यात चार माणसं बसवून, वरच्या गिअरमध्ये पाय दाबून चढणं ही त्याची परीक्षा. टेस्ट बेडवर आम्ही मुद्दाम असंच करतो.

आकडे हवेत, तर घरचंच उदाहरण घ्या. टाटांचं १२०० सीसीचं रेव्होट्रॉन घराणं: टियागोत बिनटर्बो ८६ अश्वशक्ती, ११३ न्यूटन-मीटर, नेक्सॉनमध्ये टर्बोसह १२० आणि १७०. म्हणजे टॉर्क दीडपट. मग आपणही दीडपट करू, असं कुणी म्हणेल. पण कारखाना टर्बो लावताना कॉम्प्रेशन, पिस्टन, रिंगा, झडपा, गॅस्केट, कूलिंग, क्लच, सगळ्याचा नव्यानं विचार करतो आणि मग शेकडो तास आमच्यासारख्यांकडून मोडून घेतो. किटच्या खोक्यात टर्बो आणि पाइप असतात. मूळ पिस्टन, मूळ रॉड, साडेदहा-अकराचं कॉम्प्रेशन, चांगला इंटरकूलर, ९५ चं पेट्रोल आणि नीट बांधलेला तक्ता एवढं असेल तर मी टॉर्क २५ ते ३० टक्क्यांपलीकडे जाऊ देणार नाही, दाब ०.३, फार तर ०.४ बार, आणि तोही तीन हजार फेऱ्यांनंतर पूर्ण. ९१ वर मी टर्बो लावणारच नाही. हे धंद्यातलं मत आहे, वेद नव्हे. पण यापेक्षा मोठा आकडा देणारा माणूस मोडलेल्या इंजिनाचा खर्च उचलणार आहे का, तेवढं विचारा.

‘मूळ ब्लॉकवर हजार अश्वशक्ती निघते’ असं ऐकवणारा एक असतोच. खरं आहे. बीएमडब्ल्यूचं दीड लिटरचं फॉर्म्युला वन इंजिन रस्त्यावरच्या गाडीच्या लोखंडी ब्लॉकवर बांधलेलं होतं. १९८३ मध्ये नेल्सन पिकेट त्यावर विश्वविजेता झाला, आणि पुढे पात्रता फेरीत ते हजाराच्या बरंच वर जायचं. पण ब्लॉक सोडला तर आत मूळ असं काही नव्हतं, टाकीत पंपावरचं पेट्रोल नव्हतं, आणि काही फेऱ्यांनंतर ते इंजिन संपलेलं असायचं.

रस्त्यावर काय होतं ते ऑल्ड्समोबाइलनं १९६२ मध्ये दाखवलं. जेटफायर ही टर्बो लावून विकलेल्या पहिल्या गाड्यांपैकी. साडेतीन लिटरचं व्ही-एट, २१५ अश्वशक्ती, आणि कॉम्प्रेशन सव्वादहा तसंच ठेवलेलं. नॉकिंग टाळायला पाणी आणि मेथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीतून फवारायचं. टाकी रिकामी झाली की दाब आपोआप कमी व्हायचा. यंत्रणा हुशार होती. मालक टाकी भरायला विसरायचे, गाडी मंद झाली म्हणून तक्रार करायचे. दोन वर्षांत गाडी बंद झाली, आणि कंपनीनंच पुष्कळ गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्बोरेटर बसवून दिले. मला ती गाडी फार आवडते. तिनं मालकाचा आळस धरून इंजिन वाचवलं.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करू देत नाही. विमा कंपनीला अपघातानंतर बॉनेट उघडता येतं. शर्यतीच्या बंदिस्त ट्रॅकवरच्या गाडीची गोष्ट वेगळी, आणि ज्या पोराला खरी हौस आहे त्यानं तिथंच जावं. मी स्वतः येऊन तक्ता बघेन.

तरीही करायचंच असेल, तर खर्चाच्या आधी कंप्रेशन टेस्ट करा. चारही सायलेंडरचे आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांत नसतील तर पैसे आधी इंजिनावर घाला. मग वाइडबँड ऑक्सिजन मीटर डॅशबोर्डवर, डोळ्यासमोर. पूर्ण दाबावर मिश्रण साध्या पेट्रोलच्या मोजपट्टीवर साडेअकरा ते बाराच्या दरम्यान दिसलं पाहिजे. तेरा दिसला की पाय उचला. आणि दर हजार किलोमीटरला एक प्लग काढून भिंगाखाली बघा. माझ्या पर्समध्ये भिंग आहे, तिन्ही गाड्या बाहेर उभ्या आहेत, आणि चहाला अजून अर्धा तास आहे.